तिसरी हाळी

नळाला पाणी यायच्या आधी हवा येते. बीडमध्ये संसार केलेल्या बाईला हे सांगायला नको. कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं पाणी सुटायचा दिवस उजाडतो. सूनबाई सकाळपासून पिंप, बादल्या, कळशा अशी सगळी फौज मांडून ठेवते, आणि तोटी उघडली की आधी एक लांब, पोकळ उसासा येतो. कुणी फार दुरून काही सांगायला तोंड उघडावं आणि शब्द सापडू नये, तसा. मी तिथून उठते आणि गॅलरीत जाऊन बसते. "आई, तुम्हाला नळाची भीती वाटते का हो?" ती चेष्टेनं विचारते. मी हो म्हणते. खरं सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते, हा माझा जुना अनुभव आहे.

यंदा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी चालली आहे. ढग येतात, थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. मुलगी पाहून "कळवतो" म्हणून गेलेल्या मंडळींसारखे पुन्हा फिरकत नाहीत. रस्त्यानं टँकर धावतात. छावणीला गुरं नेणारे टेम्पो दिसतात. असे दिवस आले की मला माझं सासर, गंगथडीचं बोरथडी आठवतं, आणि लग्नानंतरचा तिथला दुसरा उन्हाळा.

माझं माहेर चौसाळ्याकडचं. आमच्याकडे नदी म्हणजे चार महिने ओढा आणि आठ महिने बैलगाडीची वाट. त्यामुळे गोदावरी मी लग्नानंतरच पाहिली. थडीची, म्हणजे काठाची, माणसं तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. अलीकडे बीड, पलीकडे जालना, मधे गंगा. गाव तसं जुनं. काठावर काळ्या दगडाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर महादेवाचं देऊळ, देवळामागे वीरगळ ओळीनं उभे: घोड्यावरचा वीर, लढणारा वीर, आणि वरच्या चौकटीत देवापुढे हात जोडून बसलेला वीर. बायका येता-जाता त्यांना शेंदूर लावायच्या. कोण होते, कुणासाठी मेले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं त्याला शेंदूर लावायची आपली रीतच आहे.

पूल नव्हता तेव्हा या पायऱ्यांवरून नाव चालायची. पलीकडून माणूस आला की काठावर उभा राहून हाळी द्यायचा, अलीकडून नावाडी ओ द्यायचा आणि नाव सोडायचा. पात्र रुंद, वारा उलटा, त्यामुळे हाळी लांबवून द्यावी लागे. निजामाच्या राज्यात आणि पुढे रझाकारांच्या धामधुमीत पलीकडून कोण हाळी देईल याचा भरवसा नसायचा, असं जुनी माणसं सांगत. पळून येणारा असेल, पकडायला आलेला असेल. आणि काही हाळ्या यांतल्या कुणाच्याच नसत, असंही सांगत, आणि ते सांगताना आवाज उतरवत.

हे सगळं मला कळायच्या आधीच माझ्या हातून एक गंमत झाली. नवी नवरी होते. भर दुपारी अंगणात डाळ निवडत बसले होते. नदीच्या अंगानं कुणी तरी हाक मारली, "हाय का कुनी?" मी माहेरच्या सवयीनं तिथूनच "ओ!" म्हणून ओरडले. आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शेजारच्या गयाकाकू, ज्यांच्या घराण्याकडे पूर्वी ती नाव होती, सूप टाकून धावत आल्या.

"अगं पोरी, पहिल्याच हाळीला ओ देती का? कुनी शिकवलं न्हाई का तुला?"

तेवढ्यात माझ्या सासूबाई आतून आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "देऊ द्या तिला ओ. माझ्या घरात आता पहिल्याच हाळीला ओ द्यायची." आणि आत गेल्या. गयाकाकू खाली बसल्या. त्यांनी सांडलेली डाळ माझ्याबरोबर गोळा केली.

गंगथडीची रीत गयाकाकूंनीच मला मागाहून सांगितली. गंगेच्या अंगानं हाक आली, तीही भर दुपारी, आणि हाक मारणारा दिसत नसेल, तर पहिल्या हाकेला बोलायचं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तर ओ द्यायची. गरजेचा माणूस तिसऱ्यांदा हाक मारतोच. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक देता येत नाही. मला ही रीत तेव्हा फार शहाणपणाची वाटली. आजही वाटते. फक्त ज्याच्या छातीत दोनच हाकांपुरता दम शिल्लक आहे त्यानं काय करावं, हे तिच्यात कुठंच सांगितलेलं नाही.

असा माणूस आमच्याच घरात होऊन गेला होता. माझे धाकटे दीर, भानुदास. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझं लग्न व्हायच्या दोनेक वर्षं आधी ते गेले. आत्याबाईंनी त्यांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आमच्या ह्यांनी तर कधीच नाही. तेही मला गयाकाकूंकडून कळलं, आणि त्या सांगत असताना मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं.

सहकाराचे ते दिवस होते. माजलगावकडे धरणाचं पाणी आलं, उसाचे मळे उभे राहिले, कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं, आणि प्रत्येक गावाला वाटलं की आपलीही एक सोसायटी असावी. बोरथडीच्या लोकांनी उपसा सिंचनाची सोसायटी काढली. गावात तिला नुसतं लिफ्ट म्हणत. गंगेच्या काठाशी खोल विहीर बांधली, तिच्यात पंप बसवला, आणि तिथून वर माळावरच्या सिमेंटच्या हौदापर्यंत लोखंडी पाईप टाकला. कळशी सहज आत जाईल एवढं त्याचं तोंड. मैलभर लांबी असेल. काही जमिनीखालून, मधल्या ओढ्यावर दगडी खांबांवरून उघडा. चर खणायला घरटी एक माणूस द्यायचा असं ठरलं होतं, आणि गाव खरोखर राबलं. पहिल्या वर्षी हौदात पाणी पडलं तेव्हा बायकांनी हौदाची ओटी भरली. माळावर पहिल्यांदा गहू झाला. मग एक वर्ष पाऊस दडला, गंगेची धार सुकली, आणि वाळू तेवढी उरली.

त्या कोरड्या वर्षी विहिरीत वाळू भरू नये म्हणून सभासद पाळीपाळीनं ती उपसत. पंप दुरुस्तीला तालुक्याला गेला होता आणि पाईपाचं खालचं तोंड विहिरीत उघडं होतं. आमच्या घराची पाळी आली त्या दिवशी भानुदास गेले. जोडीदार जेवायला गेला आणि ते एकटेच उतरले. बाजूची वाळू ढासळली आणि छातीपर्यंत आली. हात आत अडकलेले. तोंडासमोर पाईपाचं उघडं तोंड होतं. वाळू पुन्हा ढासळून डोक्यावर यायच्या आधी त्यांनी त्यातच हाक मारली.

वर माळावर आत्याबाई गोवऱ्या वेचत होत्या. कोरड्या ठणठणीत हौदातून, जिथं चिटपाखरू नव्हतं, तिथून हाक आली: "आये!" पाईपातून माणसाचा आवाज एवढा लांब येतो हे तेव्हा गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. आत्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुन्हा आली: "आये!" त्यांनी पदर तोंडात धरला, आणि थडीच्या कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं तेच केलं. तिसऱ्या हाकेची वाट पाहिली.

ती आली नाही. त्यांना बरं वाटलं. टळलं म्हणून त्यांनी हौदाला हात जोडले आणि पाटी उचलली.

संध्याकाळी शोधाशोध झाली तेव्हा उंचावरून दिसेल म्हणून त्या पुन्हा हौदापाशी गेल्या. आणि हौदातून माणसांचं बोलणं आलं, कानाशी बोलावं इतकं साफ. "हात दिसला बे! हात! हळू वढ." त्यातला एक आवाज त्यांच्या थोरल्या मुलाचा होता, म्हणजे आमच्या ह्यांचा.

गयाकाकूंनी एवढं सांगितलं आणि त्या उठून गेल्या. मला आत्याबाईंच्या समोर जाण्याची भीती वाटू लागली होती. त्यांची नव्हे, त्यांना जे ठाऊक होतं त्याची.

माझा दुसरा उन्हाळा लागला तो असा. पुन्हा दुष्काळ. ऊसतोडीला गेलेली घरं पाडव्याच्या आत परत आली, कारण कारखान्यांचीच धुराडी लवकर बंद झाली. गावाच्या आडात गढूळ पाणी, तेही वाटून घ्यायचं. झाडांना पान नाही, म्हणून सावलीही भोकाभोकांची. दुपारी गाव असं गप्प व्हायचं की घरातल्या माणसाचा घोट घेतलेला ऐकू यावा. त्या वेळेला आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन माळावर जायच्या आणि हौदात उतरून पाईपाच्या तोंडापाशी बसायच्या. उन्हं कलली की परत यायच्या. त्या अपघातानंतर लिफ्ट कायमची बंद पडली होती, आणि चार वर्षं हे चाललं होतं. नारायणगडाच्या जत्रेला त्यांनी जाणं सोडलं होतं, कारण जत्रेच्या दिवशी दुपारी हौदापाशी कोण बसणार? त्या वेड्या नव्हत्या. घर चोख चालवत, हिशोबाला पक्क्या, माझ्या भाकरीला नावं ठेवण्यात तर फारच शहाण्या. फक्त त्यांना तिसरी हाक ऐकायची होती आणि ओ द्यायची होती. एवढंच राहिलं होतं त्यांचं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. सिमेंट तापलेलं, हौदाच्या तळाला पडलेल्या भेगांत सरड्याची पिल्लं. आत्याबाईंनी मला शेजारी बसवलं आणि बोट ओठांवर ठेवलं. पाईपातून गार हवा येत होती. बाहेर जाळ आणि आतून गार हवा. मला ते मुळीच आवडलं नाही. आधी नुसती घरघर. मग लोखंड तापून टिकटिकत होतं ते. मग एकदम मेंढीच्या गळ्यातली घंटा, आणि एक बाई म्हणाली, "वाटीभर तर हाय पानी, तू पी." एक बाप्या म्हणाला, "तूच पी, मला न्हाई तहान." मी दचकून आत्याबाईंचा हात धरला.

"धनगर हायेत," त्या कुजबुजल्या. "गंगेत झिरा खांदून तळ टाकलाय. लई भांडत्यात पान्यावरून. रोज हेच. तू पी, तू पी."

मला हसू आलं. त्याही हसल्या. आणि मग घंटा लांब गेल्या, ती दोघं गेली, आणि पाईपात वाहत्या पाण्याचा आवाज आला. कोरड्या पाईपात. खळाळता, भरल्या गंगेचा असावा तसा. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "हे रोज न्हाई," एवढंच म्हणाल्या. आम्ही घरी आलो. अंगणवाडीत पुढे मी तीस वर्षं काम केलं, भूतबाधा मानू नका म्हणून आयाबायांना सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. पण तो आवाज मी ऐकला आहे, त्याचं मी काय करू?

वैशाख संपत आला तेव्हा सोसायटीची सभा भरली, मारुतीच्या पारावर. माळापलीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं आणि मालक द्यायला तयार होता. तिथून गावापर्यंत आणायला पाईप पाहिजे होता. नवा आणायला ना वेळ, ना बळ. लिफ्टचा पाईप उकरायचा आणि तो टाकायचा, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सगळे आमच्या घरच्यांकडे बघत होते. शेवटी चेअरमन आत्याबाईंसमोर येऊन बसले. भला माणूस. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काकू, लेकरांला पानी न्हाई. तुमी न्हाई म्हनलात तर आमी हात लावनार न्हाई. गाव टँकरची वाट बघंल."

आत्याबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असंही वाटलं, आणि लगेच माझ्याच घरातला रिकामा रांजण डोळ्यांपुढे आला.

"न्या," त्या म्हणाल्या. "लेकरं आदी. पन उद्याची दुपार मला द्या. दुपार टळली की उकरा."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी अंघोळ केली, धुवट लुगडं नेसल्या, आणि नेहमीपेक्षा लवकर माळावर गेल्या. त्या गेल्यावर आमचे हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन वर्षांत या माणसानं मला आपल्या भावाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

"तू खाली जा," ते म्हणाले. "विहिरीपाशी. एकदा हाक मार. आये म्हन, बस्स. पायपातून एकाच हाकेत बाई का बाप्या, कळत न्हाई."

"तुम्ही का नाही जात?"

"गेलतो. दोनदा गेलतो. तोंडाशी वाकलं की आवाज निघत न्हाई माझा." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "मी वर थांबतो, आईपाशी. तू जा. आज न्हाई झालं तर ती जलमभर तिथंच बसून ऱ्हाईल, पायपं असो का नसो."

मी गेले. फसवणूक होती हे मला कळत होतं, आणि मला ती करायचीही होती. पायऱ्या उतरून मी गंगेच्या पात्रात पाय ठेवला. चपलेतून चटका बसत होता. धनगरांचा तळ उठला होता. चुलीचे काळे दगड आणि आटलेला झिरा तेवढा मागे. वरपासून खालपर्यंत नजर जाईल तिथवर वाळू, आणि वाळूत माझ्या एकटीच्या पावलांच्या खुणा. वारा नव्हता. पलीकडचा जालन्याचा काठ उन्हात हलत होता. मी इथं कुणासाठी आले आहे, असं मनात आलं, आणि मी ते मनातून काढलं.

विहीर वाळूनं भरत आली होती. पाईपाचं तोंड वाळूच्या वर हातभर तेवढं उघडं होतं. मी लोखंडी पायरीवर पाय टाकून उतरले, वाळूवर गुडघे टेकले. इथंच, एवढंच मनात आलं. गंजाचा वास येत होता. मी दोन्ही हातांनी तोंड धरलं, वाकले, श्वास घेतला. आवाज फुटेना. ह्यांचं काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी पुन्हा श्वास घेतला.

आणि वरून आवाज आला. आत्याबाईंचा. माझ्या ओठांशीच.

"ओ! ओ रं माज्या राजा! ऐकलं रं. ऐकलं मी. आले!"

माझं तोंड उघडंच होतं. मी हाक मारलीच नव्हती.

मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही. एक चप्पल तिथंच राहिली. माळावर पोचले तेव्हा आत्याबाई हौदाबाहेर उभ्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं इतका तो मोकळा झाला होता. उकरायला माणसं घेऊन आलेल्या चेअरमनना त्यांनी हातानं खूण केली. "उकरा आता," म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या. त्या दिवसानंतर त्या माळावर कधी गेल्या नाहीत. आठवड्याच्या आत गावात पाणी आलं. त्या पाण्याला गंजाची चव होती. आम्ही सगळे ते पोटभर प्यालो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी संध्याकाळचं. मी चुलीपाशी होते. आत्याबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. हे आले, उंबऱ्यावर बसले.

"लई उपकार केलेस," ते म्हणाले. मग घुटमळले. "पन एक सांग. भानू 'आये' म्हनताना शेवट खाली सोडायचा, घसा बसल्यावानी. कुनालाच तसं जमायचं न्हाई. तू तर त्याला बघितलं बी न्हाईस. तू कशी तशीच म्हनलीस?"

खोटं बोलता आलं असतं. सगळं सुखरूप झालं होतं. पण मला एकटीला ते पेलवेना.

"मी नाही हाक मारली," मी म्हणाले. "मी मारणार होते. त्याच्या आधीच आत्याबाईंची ओ आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला, आणि भावाला वाळूतून ओढून काढलेला, त्याला खांदा दिलेला, चार वर्षांत डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा मोठ्यानं रडू लागला. मी घाबरून उठले, त्यांच्या तोंडावर हात ठेवायला गेले, आत्याबाईंना जाग येईल म्हणून.

आतून त्यांचा आवाज आला. "रडू दे गं त्याला. त्यानंबी ऐकली."